बारावा महिना गणपतीचा

"अण्णा, खोटं बोलून मिळणार असेल तर ती खोली आम्हाला नको."

हे मला भर रस्त्यात, रिक्षावाल्यासमोर ऐकवलं गेलं. ऐकवणाऱ्या बाई वंदना जाधव. मी रत्नागिरीतला भाड्याच्या खोल्यांचा एजंट. मी आजवर इतक्या खोल्या लावून दिल्यात की अर्ध्या रत्नागिरीला रात्री झोप लागते ती माझ्यामुळे, आणि उरलेल्या अर्ध्या रत्नागिरीला लागत नाही तीही माझ्यामुळेच. थोडं वाढवून बोलणं हे आमच्या धंद्याचं भांडवल. दुसरं भांडवल आमच्याकडे नसतंच. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल आणि एक मोबाईल, झालं ऑफिस. त्यामुळे गिऱ्हाइकानेच "खोटं नको" म्हणणं म्हणजे शिंप्याला सुईशिवाय शिवायला सांगणं.

घडलं होतं असं. नाचणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक तळमजल्याची खोली होती. मालक गोड बोलणारे. पंखा चालू करून दाखवला, नळ सोडून दाखवला. मग चहा आला. आमच्या धंद्यात खरी मुलाखत चहा आल्यावर सुरू होते.

"जाधव म्हणजे कुठचे?"

"लांजा तालुक्यातले," मी म्हटलं.

"ते झालं. वाडी कुठची?"

बाहेरच्या माणसाला या प्रश्नात काही विशेष वाटणार नाही. आमच्याकडची गावं वाड्यांनी बनलेली असतात आणि बहुतेक वाड्या समाजासमाजाच्या. नुसत्या जाधव आडनावावरून काही कळत नाही. मराठ्यांत जाधव आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही कुठे कुठे आहेत. जात विचारली तर माणूस वाईट दिसतो. वाडी विचारली तर आपुलकीने चौकशी केल्यासारखं दिसतं. उत्तर तेच मिळतं.

मी लगेच सुटलो. "वाडी कसली विचारताय! यांच्या आजोबांची आंब्याची बाग बघाल तर वेडे व्हाल. एका पेटीत एकच हापूस मावायचा. दुसरा घालायचा तर पेटीला दोरी बांधावी लागायची." मालकांचा चेहरा पिकत चालला होता. आता देठ सुटणार, एवढ्यात वंदनाबाई शांतपणे म्हणाल्या, "बाग वगैरे काही नाही. आम्ही बौद्धवाडीतले."

मालकांनी कप बशीत ठेवला. त्यांना एकदम आठवलं की त्यांचा पुतण्या कॉलेजला येणार होता आणि खोली त्याला द्यायची होती. या पुतण्याला मी चांगला ओळखतो. रत्नागिरीतल्या पुष्कळ मालकांना तो आहे, आणि आजवर तो कुठेही राहायला आलेला नाही.

"ताई," मी रस्त्यावर येऊन म्हटलं, "दोन मिनिटं गप्प राहिला असता तर किल्ली हातात होती."

"आणि उद्या गावचं कोणी भेटायला आलं, जय भीम म्हणालं, मग? सामान रस्त्यावर. यांना घेऊन पुन्हा फिरू मी?"

"हे" म्हणजे त्यांचे नवरे सदानंद. रिक्षात मागे टेकून बसलेले. मुंबईत ड्रायव्हर होते. किडन्या गेल्या, नोकरी गेली, गावाला परत आले. आता आठवड्यातून दोनदा सिव्हिल हॉस्पिटलला डायलिसिस. डायलिसिस म्हणजे शरीरातलं रक्त मशीनमधून फिरवून धुऊन परत आत सोडतात. निरोगी माणसाचं हे काम आतल्या आत चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. त्यांना त्यासाठी पहाटे गाव सोडायचं, लांज्याला यायचं, मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने हातखंब्याला उतरायचं, तिथून रत्नागिरीची दुसरी गाडी पकडायची. परत जाताना हेच सगळं उलटं, आणि तेही सगळा जोर मशीनला देऊन आल्यावर. हायवेची खोदाखोद तर रत्नागिरीकरांना सांगायला नको. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा प्रवास थांबवा. नाहीतर एक दिवस ते यायचेच नाहीत." मागच्या महिन्यात दोनदा गाडी चुकली होती, दोनदा मशीन चुकलं होतं. अंगावर सूज होती.

म्हणजे खोली हवी होती ती हॉस्पिटलजवळ, तळमजल्याला, आणि शहरात येऊन पोळीभाजी विकायचं ठरवलेल्या बाईला झेपेल अशा भाड्यात. असं घर रत्नागिरीत शोधणं म्हणजे भाट्याच्या खाडीत पडलेली अंगठी पायाने चाचपडणं.

तुम्ही म्हणाल, सरकारचं काही असेल की. मलाही वाटलं होतं. नगरपरिषदेत माझ्या ओळखीचा एक क्लार्क आहे. त्याच्यासमोर आम्ही बसलो. त्याने व्यवस्थित समजावलं. सरकारी घरांमध्ये ईडब्ल्यूएस आणि एलआयजी असे गट असतात. ईडब्ल्यूएस म्हणजे अगदीच कमी उत्पन्न, एलआयजी म्हणजे त्याच्या जरा वर. "यांचं उत्पन्न ईडब्ल्यूएसमध्ये नक्की बसतं," तो म्हणाला.

"मग दे की!"

"अण्णा, ते मालकीचं घर. अर्ज, लॉटरी, मग हप्ते. भाड्याने द्यायचं सरकारी घर आपल्या गावात कुठाय? आणि हे तर लांजा तालुक्याचे रहिवासी."

"म्हणजे घर विकत घेण्याइतकी गरिबी असेल तर सोय आहे. भाड्याने राहण्याइतकी असेल तर नाही."

"तू आता भाषण नको करू," तो म्हणाला, पण हसला नाही.

हॉस्पिटलात रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला एक शेड आहे. तिथेही गेलो. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "पेशंट ॲडमिट आहे का?" डायलिसिसवाला ॲडमिट नसतो. सकाळी येतो, संध्याकाळी जातो, तीन-चार दिवसांनी परत येतो. म्हणजे तो धड आतला नाही, धड बाहेरचा नाही. सुई सरकारी योजनेतून फुकट, मशीन फुकट. छप्पर मात्र ज्याचं त्याने बघायचं.

शेडवरून निघालो तेव्हा रिक्षा सोडली आणि आम्ही हॉस्पिटलच्या मागच्या आळीतून चालत निघालो. सदानंद दर चार पावलांवर थांबत होते. एका गडग्यावर ते टेकले. गडगा म्हणजे चिऱ्याची बुटकी भिंत. समोर चिऱ्याचं छोटं कौलारू घर, दाराला नवं कोरं कुलूप. त्याच्या बाजूला दुसरं घर, त्यालाही कुलूप. पलीकडे तिसरं.

"ही सगळी कोणाची?" वंदनाबाईंनी विचारलं.

"मुंबईकरांची. गणपती झाले, गेले सगळे परत. आता शिमग्याला उघडतील, मग मे महिन्यात. बाकी वर्षभर आत पाली राहतात."

"पाली भाडं देतात काय?"

मला हसू आलं आणि लगेच ओसरलंही. इतकी वर्षं मी रत्नागिरीत खोल्या नाहीत म्हणून ओरडत फिरत होतो आणि रोज याच आळीतून घरी जात होतो. पण आमच्या धंद्यात मुंबईकराच्या कुलपाला कोणी हात लावत नाही. विचारायचंही नाही, असाच रिवाज. कारण उत्तर सगळ्यांना पाठ आहे. त्याला घर गणपतीला लागतं. त्याचा गणपती मुंबईच्या फ्लॅटमध्ये येत नाही, इथेच येतो. भाडेकरू ठेवला आणि तो ऐन गणपतीत हललाच नाही, तर देव कुठे बसवायचा? या एका भीतीपोटी रत्नागिरी जिल्ह्यातली एवढी कौलं रिकामी आहेत की ती ओळीने मांडली तर थेट अरबस्तानापर्यंत पोचतील.

समोरचं घर भाऊ मयेकरांचं. राहायला डोंबिवलीला. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांचं कौल शाकारायला मी माणसं पाठवली होती. गडग्यावर बसूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"भाऊ, घराला वाळवी लागतेय तुमच्या."

"कुठे? कुठल्या वाशाला?"

"अजून दिसत नाही, पण लागणार. बंद घर म्हणजे वाळवीचं माहेर. त्यापेक्षा माणसं ठेवा की. नवरा-बायको आहेत, पोरंबाळं मुंबईला. घर झाडतील, खिडक्या उघडतील, पावसात गळलं तर खाली भांडं ठेवतील."

"मेल्या, तुला माहीत नाही काय? गणपतीला घर मोकळं लागतं मला."

आणि इथे, सांगायला हरकत नाही, माझ्या डोक्यात उजेड पडला. तो एवढा मोठा पडला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. आमचं ॲग्रीमेंट असतं लीव्ह अँड लायसन्सचं. म्हणजे भाडेकरूला घरात कसलाही हक्क नाही, फक्त ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी. ती मुदत आम्ही अकरा महिन्यांची धरतो. कायद्याला जास्तही चालते, पण धंद्याला अकराच्या पुढे मोजता येत नाही. अकरा संपले की दुसऱ्या दिवसापासून पुढचे अकरा. बारावा महिना कधी येतच नाही.

"भाऊ, अकरा महिने त्यांचे," मी म्हटलं. "बारावा तुमचा. भाद्रपदात घर रिकामं, किल्ली तुमच्या हातात. गणपती झाले की नवं ॲग्रीमेंट."

पलीकडे बोटांवर महिने मोजल्याची पुटपुट. मग, "अधिक महिना आला तर?"

"तर पंचांग बघू दोघं मिळून."

"आणि ते निघालेच नाहीत तर?"

"निघतील हो."

"सगळे तसंच म्हणतात. नाव काय?"

"जाधव. लांज्याकडचे."

"वाडी कुठची?"

मी श्वास घेतला. आंब्याची बाग पुन्हा बहरणार होती. या वेळी तिच्यात एक विहीरही येणार होती, बारमाही. तेवढ्यात वंदनाबाईंनी माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"नमस्कार. मी वंदना जाधव बोलत्येय. आम्ही बौद्धवाडीतले."

मी आकाशाकडे बघितलं. आता डोंबिवलीतसुद्धा पुतण्या जन्माला येणार, अशी माझी खात्री होती.

"आमच्या घरात गणपती बसतो," मयेकर म्हणाले.

"बसू दे ना. तुमचं घर, तुमचा देव. देवाची खोली कुलूप लावून ठेवा, मला ती नको. त्या महिन्यात आम्ही नसू. जाताना घर पुसून देईन."

"बाबासाहेबांचा फोटो लावणार?"

"लावणार. खिळा मारू नका म्हणाल तर फळीवर ठेवीन."

"खिळा कशाला मारायचा? चिऱ्यात खिळा राहत नाही," मयेकर म्हणाले आणि फोन कट केला.

मी म्हटलं, "संपलं, ताई."

"संपलं तर संपलं."

सदानंद गडग्यावरून उठले. पहिल्यांदाच बोलले. "अण्णा, हातखंब्याची गाडी किती वाजता आहे?" मी वेळ सांगितली आणि त्यांना हाताचा आधार देऊन चालू लागलो.

आम्ही आळीच्या टोकाला पोचतो तोच फोन वाजला. मयेकर.

"अण्णा, ॲग्रीमेंट कर."

"कसं काय?"

"तुझ्यावर विश्वास नाही म्हणून."

"म्हणजे?"

"तू त्या बाईंची वाडी सांगितलीस काय? नाही. तू मला नेहमीसारखी काहीतरी बाग-बिग सांगणार होतास. तुझं श्वास घेणं ऐकू आलं मला. बाईला माहीत होतं की खरं बोलली तर घर जाईल. तरी बोलली. मग ती भाद्रपदात जाईन म्हणते तर जाईल. बाकीचे सगळे वाडी बरोबर सांगतात आणि तारीख खोटी सांगतात." मग आवाज खाली आणून, "बायको म्हणते, भाडं कमी घे. घर उघडं राहील तेच पुष्कळ."

अशी ही सबसिडी. सरकारी नव्हे, डोंबिवलीच्या मयेकरीणबाईंची.

ॲग्रीमेंट रजिस्टर झालं. पोलीस व्हेरिफिकेशन झालं, म्हणजे भाडेकरू कोण, कुठचा, याची पोलिसांकडे नोंद. देवाच्या खोलीला कुलूप लागलं. फळीवर बुद्धांची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आला. वंदनाबाई हॉस्पिटलातल्या पेशंटांच्या नातेवाइकांना पोळीभाजी देऊ लागल्या. सदानंद मशीनला चालत जायचे, चालत यायचे, आणि संध्याकाळी पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीचं ॲव्हरेज वाढवण्याच्या युक्त्या सांगायचे. सूज उतरली. मी जाता-येता त्या घराकडे असा बघायचो, जसं काही ते मीच चिरा-चिरा रचून बांधलंय.

पण अकरा महिने सगळ्यांचेच संपतात. श्रावण सरत आला तशी माझी झोप उडाली. भीती एकच. बाई निघाल्या नाहीत तर? आणि तिच्या मागोमाग दुसरी. निघाल्या तर? मशीनला भाद्रपद माहीत नसतो.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो. दार बंद, किल्ली शेजारच्या काकींकडे. उघडून बघितलं. फरशी पुसलेली, चूल धुतलेली, सामान एका ट्रंकेत भरून माळ्यावर. देवाच्या खोलीचं कुलूपसुद्धा पुसलेलं. माणसं गावाला गेलेली.

मयेकर मंडळी दोन दिवसांनी येणार होती. त्यांची बस हातखंब्याला सोडणार, म्हणून मी ओळखीच्याची मोठी गाडी घेऊन आणायला गेलो. गणपतीच्या आधीचा हातखंबा ज्याने बघितला नाही त्याला गर्दी म्हणजे काय ते माहीत नाही. तिथे त्या दिवशी मुंगीने पाय उचलला असता तर खाली ठेवायला जागा मिळाली नसती. मयेकर, मयेकरीणबाई, मुलगा, सून, नातवंडं, मखराचा थर्माकोल, सगळं उतरलं. मी सामान मोजतोय, आणि मयेकर विचारतायत, "अण्णा, तो माणूस बरा आहे ना?"

रत्नागिरीच्या गाडीच्या थांब्यावर, पिशवीवर बसलेले सदानंद. चेहरा राखेसारखा. बाजूला वंदनाबाई, छत्री धरून. दोन गाड्या भरून निघून गेल्या होत्या, चढता आलं नव्हतं. आज त्यांचा मशीनचा दिवस.

"तुमचे भाडेकरू," मी म्हटलं.

"मग हे इथे काय करतायत?"

"घर मोकळं करून दिलंय ना तुम्हाला."

मयेकर सामानाकडे वळले. त्यांनी थर्माकोल टपावर बांधला, मुलाला दोन पिशव्या घेऊन मागच्या गाडीने यायला सांगितलं आणि सदानंदांना पुढच्या सीटवर, वंदनाबाईंना मागे बसवलं. हॉस्पिटलपर्यंत कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा. माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मयेकर माझ्या टेबलाशी. "अण्णा, त्यांना सांग, मशीन झालं की मागच्या खोलीत येऊन पडायचं. रात्री हवं तर राहायचं. फक्त गणपतीच्या खोलीकडे..." ते थांबले. "नको. ते नको सांगू. नुसतं या म्हणून सांग."

मी आनंदाने फोन लावला. वंदनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नाही येणार आम्ही."

"अहो ताई, मालक स्वतः सांगतायत!"

"महिना त्यांचा ठरलाय ना? मग त्यांचा. आज ते बोलवतायत, उद्या घरात पाहुणे वाढले की त्यांनाच अवघड होईल, आणि मग मला. अण्णा, आम्ही मेहेरबानीवर राहत नाही. भाड्यावर राहतो. त्यांना द्यायचंच असेल तर ॲग्रीमेंटात लिहा."

मी हे मयेकरांना थोडं गुळात घोळवून सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "ती जे बोलली तेवढंच सांग."

सांगितलं. मयेकरांनी टेबलावरचं पेन उचलून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. लिही. मागची खोली बाराही महिने त्यांची. बाकी घर अकरा."

"अकराच्या वर मी आजवर लिहिलेलं नाही, भाऊ."

"मग शिक आता. आणि आजच लिही. गौरी विसर्जनाची वाट बघू नको."

नव्या ॲग्रीमेंटासाठी मयेकरांचा आणि वंदनाबाईंचा अंगठा रजिस्ट्रेशनवाल्याच्या ठशाच्या मशीनवर लागला तो ऐन गणपतीत. मयेकरीणबाईंनी रजिस्ट्रेशनवाल्याला मोदक दिला, वंदनाबाईंनी चहा. त्याच संध्याकाळी मागच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो पुन्हा फळीवर आला आणि पुढे देवाच्या खोलीत आरती चालू होती. मधलं दार कोणी लावलेलं नव्हतं. उघडं ठेवा म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं. सदानंद आरतीच्या आवाजात गाढ झोपले होते. एवढ्या झांजांत झोपणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही, आणि यात मी काहीही वाढवलेलं नाही.

पुढे त्या आळीतली आणखी दोन कुलपं मी उघडवली. चौथ्या घराचा मालक अजून पुतण्याची वाट बघतोय.

धंद्यातलं शहाणपण विचाराल तर एवढंच. घरमालकाला भाडेकरूची वाडी कळून काही कळत नाही. भाडेकरू अडचणीत असताना खरं बोलतो की नाही, एवढंच त्याने बघावं. आणि एजंटाने फोनवर बोलायच्या आधी श्वास जरा हळू घ्यावा.